आमच्याकडंच होतं

भानुदासतात्या गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, सुरेखानं, फोनवर सांगितलं. मी बारामतीत मुलाच्या गॅरेजमध्ये एका ट्रॅक्टरच्या बॉनेटला रंगाचा शेवटचा हात देत होतो. "काका, तात्या सकाळी गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी स्प्रेची गन खाली ठेवली आणि सुरेखाच्या घरी, सोमेश्वरनगरची वाट धरली; शेवटी तात्या तिच्याकडंच होते. दुसऱ्या दिवशी येऊन तो हात पुरा केला, पण आदल्या दिवशीचा रंग वाळला होता आणि बॉनेटवर जोड राहिला. गाडीवाल्याच्या तो लक्षात आला नाही. तात्यांच्या आला असता.

बावड्यात इलेक्ट्रिक गिटार हातानं बनवणारा एक माणूस होता, असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या इंदापूर तालुक्यात ऊस आहे, केळी आहे, भीमेचं पाणी आहे. गिटार कुठून आली? पण पुण्यामुंबईची पोरं पाठीला काळी पिशवी अडकवून स्टँडवर उतरायची आणि विचारायची, "भानू गिटारवाले कुठं राहतात?" गिटारीच्या मानेवर, वरच्या टोकाला, तात्या 'भानू' अशी दोन अक्षरं कोरत, त्यावरून हे नाव पडलेलं. स्टँडवरच्या माणसाला भानूही ठाऊक नसे आणि गिटारही. मग पोरं पाठीवरची पिशवी दाखवत. "हां, म्हंजी मोटार भरणाऱ्या वैनींकडं जायाचंय व्हय तुमाला," असं म्हणून तो अकलूज रस्त्याकडं बोट करी.

त्या रस्त्याला एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये आमचा संसार होता. डावीकडं माझं रंगकाम. उजवीकडं पुढं कौसल्यावहिनींचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि त्याच्या मागं, जाळीच्या दारापलीकडं, तात्यांची गिटारीची खोली. वहिनींच्या वडिलांचं इंदापुरात हेच दुकान होतं. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या खांद्यावर टाकून आणायचे. आतली जळकी तांब्याची तार काढून नवी भरायची, हे काम वहिनी परकर नेसायच्या वयापासून बघत आलेल्या. "माहेरानं मला धंदा दिला," असं त्या सांगायच्या. तात्यांचं तारुण्य पुण्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलं होतं. वडील थकले म्हणून ते गावी आले, शेतीत त्यांचा जीव रमला नाही, आणि बायकोच्या दुकानामागं चार पत्रे टाकून त्यांनी गिटारी करायला घेतल्या. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या व्हायच्या. घर चालायचं ते वहिनींच्या मोटारींवर.

माझी आणि तात्यांची ओळख गुळामुळे झाली. शेजारी येऊन मला महिनाही झाला नव्हता. एक उघडी गिटार हातात घेऊन ते आले आणि म्हणाले, "पेंटर, हिला गुळाचा रंग पायजे."

मी म्हणालो, "देतो की. चॉकलेटीत थोडा पिवळा टाकतो."

"तसा नगं. ढेप फोडल्यावर आत जो दिसतो, तो."

आणि खरंच खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून त्यांनी माझ्या डब्यांशेजारी ठेवला. दोन दिवस मी रंगात रंग मिसळत होतो. प्रत्येक नमुना ते उन्हात नेऊन खड्याशेजारी धरायचे आणि मान हलवायचे. शेवटी एका नमुन्यावर ते मान न हलवता नुसते बघत राहिले. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्या खड्याकडं बघून म्हणाल्या, "मुंग्या लागल्या गुळाला. आता रंगाला लागायची वाट बगताय का?" तात्या हसले आणि तो रंग पक्का झाला.

लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ते वाजवून बघायचं, ही त्यांची खोड. कुणाच्या घरी गेले तर आधी चौकट वाजायची, मग माणसांची विचारपूस. माझ्या मेहुण्याच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे होते आणि तात्या मांडवाच्या कडेला एका रिकाम्या पाटाला कान लावून बसलेले. मला खूण करून बोलावलं. "पेंटर, हा शिवणीचा हाय. असल्या वाजणाऱ्या लाकडावर माणसं बसवत्यात का कुणी?" पुढच्या आठवड्यात त्यांनी सागाचे दोन नवे पाट करून नवरीच्या घरी नेऊन दिले आणि तो पाट मागून आणला. त्या घरची मंडळी अजून त्यांची आठवण काढतात, थोडा चक्रम माणूस म्हणून.

गिऱ्हाईक आलं की ते आधी म्हणायचे, "हात बघू." ज्योतिषाकडं आल्यासारखा पोरगा हात पुढं करी. तात्या त्याची बोटं दाबून, ताणून बघत, अंगठ्याचं मूळ चाचपत आणि त्या हाताच्या मापानं गिटारीची मान घडवत. कधी मिळेल असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "घाई आसंल तर बाजारातनं आणा." पण कौतुक त्यांना आवडायचं, हेही सांगायला हवं. बाहेरगावचं गिऱ्हाईक येणार असलं की सकाळीच इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात यायचा. वहिनींच्या तेलकट मोटारी वाटेतून बाजूला सरकवायचा त्यांचा आग्रह असायचा. आणि पोरं आत बसली की ते जाळीतून आवाज देत, "अगं, च्या टाक."

गिटारीच्या तारांखाली एक लांबट डबी बसवलेली असते. पोरं तिला पिकअप म्हणत, तात्या डबीच म्हणत. तिच्यात चुंबक असतं आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार छेडली की तिची थरथर ही डबी पकडते आणि स्पीकरला पोचवते. लाकूड कितीही चांगलं असो, इलेक्ट्रिक गिटार बोलते ती या डबीतून. सुरुवातीला तात्या या डब्या मुंबईहून मागवायचे. एकदा अकलूजच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला धावत आला. संध्याकाळी कार्यक्रम आणि त्याची डबी मुकी झालेली. तात्यांकडं दुसरी नव्हती. ते डोक्याला हात लावून बसले. वहिनींनी हातातली मोटार बाजूला ठेवली, फडक्याला हात पुसले आणि ती डबी उचलून भिंगाखाली धरली.

"आत तार तुटलीया," त्या म्हणाल्या. "मोटारच की ही. बारकी."

"अगं, ती मोटार न्हाय. हात लावू नगं."

"मग तुमी लावा."

वहिनींनी सुरेखाची शिलाई मशीन ओढली. तिच्या बॉबिन भरायच्या चाकावर डबी बसवली, पायानं मशीन हळू चालवली आणि दोन बोटांच्या चिमटीतून ती दिसेल न दिसेल अशी तार सोडत राहिल्या. तोंडानं श्वाससुद्धा घेत नव्हत्या. दुपार कलायच्या आत डबी भरून झाली. गिटारवाल्यानं वाजवली, थांबला, स्पीकरकडं वळून बघितलं, पुन्हा वाजवली. "तात्या, आधीपेक्षा गोड झाली की ही."

"व्हय," तात्या म्हणाले. "जरा येगळी भरलीया."

त्या दिवसापासून मुंबईच्या डब्या बंद झाल्या. भानू गिटारीतली प्रत्येक डबी वहिनींनी भरली. भरून झाली की वितळलेल्या मेणात ती बुडवायची; त्या वासानं मला शेजारी कळायचं की आज मोटार नाही, गिटार चालू आहे. वहिनींना गाण्याची आवड नव्हती. तात्या मागं गिटार वाजवून बघत आणि या पुढं हातोडीनं जळकी तार ठोकत ठोकत मान न वळवता म्हणत, "नाकात बोलतीया. आणा हिकडं, थोडी तार काढते." एकदा मी विचारलं, वहिनी, हे कसं कळतं? त्या म्हणाल्या, "मोटार बरी न्हाय ते आवाजावरनंच कळतं भावजी. हिचं येगळं काय आसनार?"

नचिकेत नावाचा एक पुण्याचा मुलगा तात्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. मोठमोठ्या गायकांच्या मागं वाजवायचा, स्वभावानं साधा, आला की जमिनीवर मांडी घालून बसायचा. एकदा तो रेकॉर्डिंग करणाऱ्या एका जाणकार गृहस्थांना घेऊन आला. त्यांनी गिटार फार वेळ ऐकली आणि विचारलं, "बाकी सगळं सोडा. हे पिकअप कुठून आणता? कोण भरतं?"

मी तिथंच होतो, एका गिटारीचा रंग घासत. वहिनी चहाचा ट्रे घेऊन जाळीच्या दारात उभ्या होत्या.

तात्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "आमच्याकडंच होतं," ते म्हणाले.

"कमाल आहे तुमच्या हाताची," पाहुणे म्हणाले. वहिनींनी ट्रे खाली ठेवला. नचिकेतनं कप उचलून घोट घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या चहासाठी तरी बावड्याला यावंसं वाटतं." वहिनी हसल्या आणि पुढच्या दुकानात निघून गेल्या.

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. मी वहिनींना म्हणालो, तात्यांनी तुमचं नाव घ्यायला हवं होतं.

"घेतलं की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंच होतं म्हणाले. मी काय शेजारची हाय का?"

त्या रागावल्या नव्हत्या. तात्याही वाईट माणूस नव्हते, वहिनींवर त्यांचा जीव होता. तासन्‌तास वाकून वहिनींची पाठ दुखायची म्हणून तात्यांनी एक बुटकी खुर्ची केली होती, पाठीच्या नेमक्या दुखऱ्या जागी टेकेल अशी. चांगलं गिटारीचं लाकूड त्यात घातलेलं. फक्त एवढं एक वाक्य, 'ही भरते', ते त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. मला वाटतं, त्यांना ते वेगळं सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपला हात आणि बायकोचा हात त्यांच्या लेखी एकच होता, आणि त्यावर नाव मात्र त्यांचं होतं.

वहिनींना गाठ निघाली ती उन्हाळ्यात. उन्हाळा म्हणजे मोटारी जळायचे दिवस. दुकानासमोर रांग लागलेली. गाठ दाखवायला त्यांनी पाऊस पडेपर्यंत वेळ काढला. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सुरेखाला बाजूला घेतलं. मग त्या औषधाच्या बाटल्या लावणं सुरू झालं. तात्या प्रत्येक वेळी बरोबर जायचे. बाटली संपेपर्यंत ते दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे. केस गेले, वहिनींनी डोक्याला सुती ओढणी बांधली. मोटारी उचलणं बंद झालं. आलेल्या शेतकऱ्याला त्या स्वतःच सांगत, "इंदापूरला न्या आता."

पण शिलाई मशीन त्यांनी घरात, खाटेजवळ घ्यायला लावली. बाटली लावली की चार-पाच दिवस त्या उठत नसत. त्यानंतर जरा बरं वाटू लागलं की डब्या भरायला बसत. पायात मशीन चालवायची ताकद राहिली नव्हती. मग तात्या समोर स्टुलावर बसून पायानं चाक फिरवत आणि वहिनी बोटांतून तार सोडत. मी एकदोनदा गेलो तेव्हा दोघं असेच बसलेले. तात्या पाय हलवत खिडकीबाहेर बघत होते. तार तुटली की वहिनी नुसतं "हं" म्हणायच्या आणि पाय थांबायचा.

भरलेली डबी त्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून फराळाच्या मोठ्या डब्यात ठेवत. तात्यांची समजूत अशी की तिचा वेळ जातो, मन रमतं. एकदा ते औषध आणायला गेले होते तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना काय येत न्हाय. मोटार भराय येत न्हाय. भात लावाय येत न्हाय. गिटार तेवढी येती. ती तरी चालू ऱ्हावी म्हणून भरून ठिवतीया."

मी म्हणालो, असं का बोलता, बऱ्या व्हाल.

"झाले तर झाले. डब्या काय नासत्यात व्हय?"

त्या गेल्या तेव्हा डबा झाकण लागणार नाही इतका भरला होता. नरसिंहपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर, रक्षा सोडली. दशक्रियेला इतके शेतकरी आले की गुरुजींनी विचारलं, बाई ग्रामपंचायतीत होत्या का. पुण्यामुंबईचं कुणीच आलं नाही. त्यांना कळवायचं तात्यांच्या ध्यानात आलं नसावं, आणि कळवलं असतं तरी काय म्हणून कळवलं असतं, हा प्रश्नच होता.

दोन महिन्यांनी तात्या पुन्हा कामाला लागले. नचिकेतची एक गिटार अर्धी झाली होती, ती त्यांनी पुरी केली. मी तिला रंग दिला. एके दिवशी कुरिअरवाला एक खोकं देऊन गेला. मुंबईच्या डब्या होत्या.

मी म्हणालो, "तात्या, वहिनींनी एवढ्या भरून ठेवल्यात."

"त्या न्हाय लावायच्या."

"तुमच्यासाठीच भरल्यात त्या. तुमचं काम थांबू नये म्हणून. मला बोलल्या होत्या."

तात्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बराच वेळ ते बोटं चोळत राहिले. "म्हंजी तिला ठावं हुतं, मला तिच्याबिगर येत न्हाय," ते म्हणाले. "मलाच ठावं न्हवतं." मग थोड्या वेळानं, "एक लावली की एक जाणार पेंटर. पिशवीत घालून कुनीबी घिऊन जाणार. मी न्हाय देत."

नचिकेत गिटार न्यायला आला त्या दिवशीही त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पण चहा आणायला मला टपरीवर पाठवलं. मी परत आलो तेव्हा नचिकेत डोळे मिटून वाजवत होता. थांबला आणि म्हणाला, "तोच आवाज तात्या. अगदी तोच."

"नीट ऐका," तात्या म्हणाले.

त्यानं पुन्हा वाजवलं. खूप वेळ, मनापासून. "खरंच सांगतो, काही फरक नाही. मी दुसरीकडं कुठं जाणारच नाही. तुमचा हात आहे तो."

"आनिक एकदा ऐका. खालच्या तारा वाजवा."

नचिकेत आता थोडा गोंधळला. त्यानं खालच्या तारा वाजवल्या, माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. "काही बिघडलंय का? मला तर मस्त वाटतेय."

"ही डबी बाजारातली हाय," तात्या म्हणाले. "आधीच्या समद्या कौसल्यानं भरल्याल्या. पैल्यापास्नं. मी एकबी न्हाय भरली."

"कौसल्या कोण?"

मीच सांगितलं.

"वहिनी?" नचिकेत म्हणाला. "चहा द्यायच्या त्या?" आणि मग त्यालाच ते ऐकू आलं. त्यानं गिटार मांडीवरून उतरवून हळूच जमिनीवर ठेवली. "कुठं आहेत त्या?"

चहा तसाच राहिला. नचिकेत चांगला मुलगा होता. तो रडला, तात्यांचे हात धरले, म्हणाला की मी सगळ्यांना सांगतो, लिहितो. तात्यांनी मान हलवली. त्यांनी पटाशी घेतली, गिटार उचलली आणि मानेच्या टोकावरची 'भानू' ही दोन अक्षरं तासून काढली. मी दिलेल्या रंगाखालचं पांढरं लाकूड उघडं पडलं. "आता न्या," ते म्हणाले. नचिकेतनं ती तशीच नेली. बरं दिसत नाही म्हणून मी रंगाचा हात मारून देतो म्हणालो, तर तोच म्हणाला, राहू दे.

त्यानंतर तात्यांनी एक वेगळंच खूळ घेतलं. ज्यांना ज्यांना गिटार दिली होती त्यांना ते फोन करू लागले. दुपारी माझ्या शेडमध्ये येऊन बसायचे, मी नंबर लावून द्यायचा.

"मी बावड्यातनं भानुदास बोलतोय. गिटारवाला. तुमच्या गिटारीतली डबी हाय ना, ती माझ्या बायकूनं भरलीया. कौसल्या नाव तिचं."

पलीकडचा माणूस गोंधळायचा. मग, "काही प्रॉब्लेम आहे का त्यात? बदलून घ्यायची का?"

"न्हाय, न्हाय. बदलू नगा. निसतं सांगायचं हुतं."

"अच्छा. ओके. थँक यू हां."

कुणी दहा वर्षांपूर्वी घेतलेली विकून टाकली होती. कुणी परदेशी होता. एका बाईंनी सांगितलं की ज्यांची गिटार होती ते गृहस्थ आता वाजवत नाहीत. एकानं मात्र विचारलं, "कशा आहेत त्या आता?" तात्यांनी फोन माझ्यापुढं धरला. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि सांगितलं.

गिटारी बंद झाल्या. तासण्या, कानस, साचे, सगळं त्यांनी मागच्या खोलीत ठेवून जाळीचं दार लावलं आणि वहिनींच्या बुटक्या खुर्चीवर येऊन बसले. साठी उलटलेला माणूस मोटार भरायला शिकू लागला. एवढी वर्षं त्या दुकानाच्या मागंच ते बसले होते, पण ते काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मलाच विचारायचे, "सुरवात कुठनं करायची ती? तू तर समोरच असायचास." मला तरी काय माहीत? मग त्यांनी भंगारवाल्याकडून, शेतकऱ्यांकडून जळक्या मोटारी मागून आणल्या, वहिनींनी कधीकाळी भरलेल्या. झाकण उघडून त्या तासन्‌तास बघत बसायचे. एक वेढा कसा दुसऱ्याला चिकटून गेलाय, दोऱ्यानं गाठ कुठं मारलीये. पण शिकायचं म्हणजे ती तार उपसून काढावी लागते. छिन्नी लावून हातोडी मारायची. एकदा मी बघितलं, छिन्नी तारेवर टेकवून ते तसेच बसले होते. हातोडीचा हात वर गेला नव्हता.

सुरेखा त्यांना न्यायला यायची. ते म्हणायचे, उन्हाळा झाला की येतो.

पुढं माझ्या मुलानं बारामतीत गॅरेज टाकलं आणि मीही बावडा सोडला. तो फराळाचा डबा आता सुरेखाच्या घरी कपाटात आहे. नचिकेतनं एकदा विचारून बघितलं होतं, तिनं नाही म्हणून सांगितलं. तिचं तिला ठाऊक.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते माझा राहिलेला कॉम्प्रेसर आणायला गेलो तेव्हा. भर दुपार होती. तात्या खुर्चीवर, मांडीवर अर्धी भरलेली मोटार. दाढी वाढलेली, बोटांना कापल्याच्या पट्ट्या. मला बघून "ये पेंटर" म्हणाले आणि पुन्हा तारेत डोकं घातलं. आम्ही काही बोलायच्या आतच एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. त्यानं कॅरिअरला बांधलेली मोटार सोडून तात्यांच्या पुढ्यात आदळली.

"तात्या, आठ दिस न्हाय झालं. गेली जळून. उभा ऊस वाळतोय माझा."

"बगू," तात्या म्हणाले.

"काय बगू? पैल्यांदा न्हाय ही. गावात समदी म्हणत्यात, म्हातारं माणूस हाय, कुणी बोलत न्हाय. म्या बोलतो. तुमाला जमत न्हाय ह्ये. वैनीनी भरल्याली मोटार माझ्या हिरीवर सात वरसं चालली. कमी लाईटीत चालली, गाळात चालली. वैनीचा हात येगळा हुता."

मला वाटलं, आता मध्ये पडावं. पण तात्यांनी मांडीवरची मोटार उचलून बाजूला ठेवली आणि ते उठले. आत जाऊन माठातलं पाणी आणलं, त्याला दिलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, स्वतःच्या हातानं पुसलं.

"बसा," ते म्हणाले. "कशी चालायची म्हणालासा?"

शेतकरी स्टुलावर टेकला. त्याला भांडायचं होतं आणि समोर भांडायला कुणी नव्हतं. पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं. "कशी म्हंजी? चांगली चालायची. आवाज न्हाय करायची. बांधावर हुबं ऱ्हायलं तरी चालू हाय का बंद, कळायचं न्हाय."

"आवाज न्हाय करायची?"

"आजाबात न्हाय. पाण्याचा पाटातनं आवाज यायचा तेवढाच."

"आनिक?"

शेतकऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. तो जरा पुढं सरकून बसला आणि आठवू लागला. वैनींनी ती मोटार भरली त्याच दिवसांत त्याच्या पोराचं बारसं होतं, तो वेळेत न्यायला येऊ शकला नाही, तर वैनींनी ट्रॅक्टरवाल्याबरोबर ती मळ्यात पाठवून दिली होती. वर चिठ्ठीला गूळखोबऱ्याची पुडी बांधून. तात्या खुर्चीवर पुढं वाकून ऐकत होते. एवढं हातभर जवळ बसून कुणाचं ऐकताना मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात उचलत नव्हते, तो माणूस बोलायचा थांबेल म्हणून.

मी कॉम्प्रेसर गाडीला बांधला. किक मारली नाही. गाडी तशीच ढकलत रस्त्यापर्यंत नेली.